दुष्काळ पडतो, ड्राउट पडत नाही

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी अंबड तालुक्यातील एका खेड्यातून आले असून सध्या छत्रपती संभाजीनगर येथे इंग्रजी विषय घेऊन एम.ए. करीत आहे. बारावीपर्यंतचे माझे सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झाले. 'माझ्या जिल्ह्यातील दुष्काळ' या विषयावर मी २०१८ सालाविषयी इंग्रजीत निबंध लिहिला होता. व्याकरणाची चूक राहू नये म्हणून तो अनेकदा तपासला, तरीही सरांनी कितीतरी वाक्यांखाली लाल रेघ ओढून 'इंग्रजीत असे म्हणत नाहीत' एवढाच शेरा दिला. 'अ बिग ड्राउट फेल इन अवर डिस्ट्रिक्ट', 'देअर वॉज अ ड्राउट ऑफ वॉटर अँड फॉडर', 'अवर व्हिलेज हॅज अ ड्राउट ऑफ डॉक्टर्स', 'द गव्हर्नमेंट शुड गिव्ह वेट ड्राउट' ही त्यांपैकी काही वाक्ये आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रे विराट कोहलीच्या संदर्भात 'सेंच्युरी ड्राउट' असे खुशाल लिहितात. मग डॉक्टरांचा ड्राउट का चालत नाही? याला काही नियम आहे की आमच्यासारख्यांना ही भाषा कधीच नीट येणार नाही, असे समजावे? शिवाय 'दुष्काळात तेरावा महिना' हे इंग्रजीत कसे सांगावे, तेही कळवावे.

एक विद्यार्थिनी, जि. जालना

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या चार वाक्यांपैकी एकातही व्याकरणाची म्हणण्यासारखी चूक नाही, हे मी प्रथम स्पष्टपणे सांगतो, कारण तुमच्या मनातील खिन्नतेचे मूळ तेथेच असावे असे पत्रावरून दिसते. कर्ता, क्रियापद आणि काळ हे सर्व जागच्या जागी असूनही वाक्य परके वाटते, याचे कारण व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. प्रत्येक भाषेत एकेका नामाची ठरलेली विशेषणे आणि ठरलेली क्रियापदे असतात. ती तर्काने ठरलेली नसतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने ठरलेली असतात. इंग्रजीत या सहवासाला 'कोलोकेशन' असे नाव आहे. जे. आर. फर्थ हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, हे त्यांनी १९५७ साली लिहिलेले विधान आजही या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला पाठ असते.

हे ज्ञान तुम्हाला मराठीत आधीपासूनच आहे. ऊन रणरणते असते, थंडी कडाक्याची पडते, पाऊस मुसळधार येतो आणि दुष्काळ भीषण असतो. 'कडाक्याचा पाऊस' किंवा 'मुसळधार थंडी' असे तुमच्या गावातील पाच वर्षांचे मूलही म्हणणार नाही, आणि तसे का म्हणत नाहीत याचा नियम मात्र शाळेत कोणी शिकवलेला नसतो. मराठीत कानावर पडून जे सहज आले, ते इंग्रजीत वाचून आणि टिपून मिळवावे लागते, एवढाच फरक आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांनाही ते आयते मिळत नाही. आपल्याकडील कितीतरी पदवीधर 'हेवी ड्राउट' लिहितात, हे मी कित्येक वर्षे पाहत आलो आहे.

आता पहिले वाक्य घेऊ. मराठीत 'पडणे' हे क्रियापद फार उदार आहे: पाऊस पडतो, थंडी पडते, भाव पडतात, माणूस आजारी पडतो आणि दुष्काळही पडतो. इंग्रजीतील 'फॉल' यांपैकी काही ठिकाणी चालते. पाऊस, भाव आणि आजारपण यांच्याबाबतीत ते चपखल बसते, आणि म्हणूनच आपली फसगत होते. ड्राउट मात्र कधीही 'फॉल' होत नाही. तो 'हिट' करतो, 'स्ट्राइक' करतो, 'ग्रिप' करतो. 'अ सिव्हिअर ड्राउट हिट अवर डिस्ट्रिक्ट इन २०१८' असे लिहिले की तुमचे वाक्य सुधारले. साधेपणाने लिहायचे असेल तर 'देअर वॉज अ सिव्हिअर ड्राउट' हेही उत्तम इंग्रजी आहे. दुष्काळ चालू असताना प्रदेश 'इन द ग्रिप ऑफ ड्राउट' असतो. भारतीय वर्तमानपत्रांत 'रीलिंग अंडर ड्राउट' हा प्रयोग वारंवार दिसतो. आपल्याकडे तो रुळलेला आहे, परंतु भारताबाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'रीलिंग फ्रॉम' म्हणावे. उच्चाराविषयीही एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तोंडी परीक्षेत ती उपयोगी पडेल: या शब्दाचा उच्चार 'आउट' या शब्दाशी यमक जुळवणारा आहे. 'थॉट' आणि 'बॉट' यांच्या स्पेलिंगवरून 'ड्रॉट' म्हणणे चुकीचे आहे.

'बिग' या विशेषणाऐवजी मी 'सिव्हिअर' घातले, त्याचे कारण केवळ शैलीचे नाही. हा शब्द शासकीय व्यवहारातही पक्का झालेला आहे. केंद्र शासनाच्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत दुष्काळाच्या 'मॉडरेट' आणि 'सिव्हिअर' अशा श्रेणी आहेत, आणि महाराष्ट्राच्या शासन निर्णयांत त्यांनाच 'मध्यम' व 'गंभीर' स्वरूपाचा दुष्काळ असे म्हटलेले असते. तुम्ही ज्या वर्षाविषयी लिहिले आहे, त्या २०१८ साली राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुके गंभीर आणि ३९ मध्यम श्रेणीत होते. भारतीय हवामानशास्त्र विभागही हीच विशेषणे वापरतो: पाऊस सरासरीपेक्षा २६ ते ५० टक्के कमी झाला तर 'मॉडरेट ड्राउट' आणि तूट ५० टक्क्यांहून अधिक असेल तर 'सिव्हिअर ड्राउट'. 'हेवी' हे विशेषण पावसाचे आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला हवामान विभाग 'हेवी रेन' म्हणतो. दुष्काळ पुष्कळ दिवस किंवा वर्षे चालला तर तो 'प्रोलाँग्ड' होतो, आणि गेल्या अनेक दशकांत असा दुष्काळ पाहिला नाही असे सांगायचे असेल तर 'द वर्स्ट ड्राउट इन डेकेड्स' हा तयार शब्दसमूह आहे. 'डेंजरस' किंवा 'टेरिफिक' मात्र टाळावे. 'भीषण' या शब्दाचा शब्दशः अर्थ शोधत तुम्ही तेथे पोहोचाल, पण इंग्रजी वाचक पोहोचणार नाही.

तुमचे दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यातील चूक मराठीच्या एका मोठ्या वैशिष्ट्यातून आलेली आहे. पाण्याचा दुष्काळ, चाऱ्याचा दुष्काळ, अन्नाचा दुष्काळ असे आपण सहज म्हणतो, कारण 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ, आणि त्या काळात जे जे कमी पडते ते सर्व आपण त्या एका शब्दाच्या पोटात घालतो. इंग्रजीत हीच जागा निदान तीन शब्दांनी वाटून घेतली आहे. पाऊस न झाल्यामुळे येणारा तो 'ड्राउट'. माणसांना अन्न मिळेनासे होऊन मोठ्या प्रमाणावर उपासमार होते ती 'फॅमिन'. आणि एखादी वस्तू अपुरी पडणे म्हणजे 'शॉर्टेज' किंवा 'स्कॅर्सिटी'. ड्राउट या शब्दात पाणी आधीच गृहीत आहे, म्हणून 'ड्राउट ऑफ वॉटर' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते. तेथे 'वॉटर शॉर्टेज', आणि तीव्रता दाखवायची असेल तर 'अक्यूट वॉटर शॉर्टेज' लिहावे. चाऱ्यासाठी 'फॉडर शॉर्टेज' किंवा 'फॉडर स्कॅर्सिटी' असे लिहावे, आणि चारा छावणीला आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांत 'फॉडर कॅम्प' किंवा 'कॅटल कॅम्प' म्हणतात.

ड्राउट आणि फॅमिन यांतील फरक इतिहासातून सर्वांत चांगला कळतो. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्या घटनेला इंग्रजीत 'बेंगॉल फॅमिन' असे नाव आहे, 'बेंगॉल ड्राउट' असे कोणी म्हणत नाही, कारण पाऊस न होणे हे तेथील मुख्य कारण नव्हते. युद्धकाळातील महागाई, साठेबाजी आणि सरकारी धोरणे यांमुळे अन्न गरिबाच्या हाताबाहेर गेले. याउलट मराठवाड्यातील कोणत्याही घरात ज्याची आठवण निघते तो बहात्तरचा दुष्काळ घ्या. पावसाने सलग दगा दिला, विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. हाल अतोनात झाले, परंतु दुष्काळी कामांमुळे लोकांच्या हाती मजुरी आली आणि मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. म्हणून इंग्रजी अभ्यासक त्याला 'द महाराष्ट्रा ड्राउट ऑफ १९७२-७३' म्हणतात आणि फॅमिन 'अव्हर्ट' झाली, म्हणजे टळली, असे लिहितात. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर आलेले संकट मात्र त्यांच्या लेखी 'ग्रेट फॅमिन' आहे. म्हणजे आपण ज्या तीन घटनांना एकच नाव देतो, त्यांपैकी दोन फॅमिन आहेत आणि एक ड्राउट. तुमच्या निबंधात आजी-आजोबांच्या आठवणी असतील, तर तेथे हा भेद सांभाळणे आवश्यक आहे, कारण बहात्तर सालाला फॅमिन म्हटल्यास वाचकाची वस्तुस्थितीविषयीच गैरसमजूत होईल. तेव्हाच्या दुष्काळी कामांना 'ड्राउट रिलीफ वर्क्स' किंवा, जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदोपत्री भाषेत, 'स्कॅर्सिटी वर्क्स' असे म्हणावे. 'स्कॅर्सिटी' ही तेथे फॅमिनच्या अलीकडची पायरी मानली जात असे, आणि आपला 'टंचाई' हा सरकारी शब्द तिच्या अगदी जवळचा आहे.

ओल्या दुष्काळाविषयी थोडक्यात सांगतो. अतिवृष्टीने पिके सडली की मराठवाड्यात 'ओला दुष्काळ जाहीर करा' ही मागणी होते, आणि २०२५ च्या सप्टेंबरमधील पुरानंतर ती किती तीव्रतेने झाली हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. मराठीत ही कल्पना अर्थपूर्ण आहे, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने पीक गेले म्हणजे वाईट काळ आला, मग ते कोरड्याने गेले काय आणि ओल्याने गेले काय. इंग्रजीत मात्र ड्राउट म्हणजे कोरडेपणाच, त्यामुळे 'वेट ड्राउट' हे परक्या वाचकाला परस्परविरोधी वाटते. महाराष्ट्रातील इंग्रजी वर्तमानपत्रे हा शब्द अवतरणचिन्हांत घालून लगेच त्याचा खुलासा करतात; तुम्हीही तसेच करावे. क्रियापद 'गिव्ह' नको, 'डिक्लेअर' हवे. दुष्काळ द्यायचा नसतो, जाहीर करायचा असतो, हे मराठीतही तसेच आहे. खुलाशासाठी 'क्रॉप लॉस ड्यू टू एक्सेसिव्ह रेन' एवढे पुरे होते. 'ड्राय ड्राउट' मात्र कधीही लिहू नये, ते पांढऱ्या दुधासारखे होईल.

आता तुमचा खरा प्रश्न, ज्यासाठी मला हे उत्तर लिहावेसे वाटले. शतकांचा ड्राउट चालतो, मग डॉक्टरांचा का चालत नाही? लाक्षणिक अर्थाला इंग्रजीत बंदी नाही, पण त्याची कक्षा मराठीच्या मानाने अरुंद आहे. आपण अकलेचा दुष्काळ म्हणतो, माणुसकीचा दुष्काळ म्हणतो, चांगल्या स्थळांचाही दुष्काळ म्हणतो. कोणतीही उणीव आपल्याला दुष्काळ वाटते. इंग्रजीत लाक्षणिक ड्राउट हा बहुधा अशा गोष्टीचा असतो, जी पूर्वी मिळत होती, पुन्हा मिळण्याची अपेक्षा होती, आणि ठरावीक काळ लोटला तरी मिळाली नाही. पावसाचे चित्र त्यामागे अजून जिवंत आहे: पाऊस येत होता, येणार होता, आला नाही, वाट पाहावी लागली. कोहली यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध शतक केले आणि त्यानंतरचे आंतरराष्ट्रीय शतक ८ सप्टेंबर २०२२ रोजी अफगाणिस्तानविरुद्ध आले. जो फलंदाज शतकांमागून शतके करीत होता, त्याच्या बॅटमधून जवळजवळ तीन वर्षे ती आली नाहीत, म्हणून 'सेंच्युरी ड्राउट'. भारताने जून २०१३ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली आणि त्यानंतरचा आयसीसीचा चषक २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये मिळवला. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला 'ट्रॉफी ड्राउट' संपला असे म्हटले. फुटबॉलमध्ये 'गोल ड्राउट' आणि स्पर्धांच्या बाबतीत 'टायटल ड्राउट' हे रोजच्या वापरातले शब्द आहेत.

तुमच्या गावात डॉक्टर नाहीत, ही मात्र निव्वळ उणीव आहे. डॉक्टर एकामागून एक येत होते आणि एकाएकी येईनासे झाले, असे तुम्हाला म्हणायचे नाही. अशा उणिवेसाठी इंग्रजीने 'शॉर्टेज', 'लॅक' आणि थोडा भारदस्त 'डर्थ' हे शब्द राखून ठेवले आहेत: 'शॉर्टेज ऑफ डॉक्टर्स', 'लॅक ऑफ कॉमन सेन्स', 'डर्थ ऑफ आयडियाज'. अकलेचा दुष्काळ तर ड्राउटने मुळीच सांगता येणार नाही. प्रथितयश कवी किंवा कादंबरीकार ही कुंपणे ओलांडून 'स्नेहाचा ड्राउट' लिहूही शकतो आणि वाचक त्याला दाद देतो, परंतु ते ओलांडणे हेतुपूर्वक आहे हे वाचकाला कळण्यासाठी आधी कुंपणाच्या आतील भाषा पक्की असावी लागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रचनेचा फरकही येथे लक्षात घ्यावा. लाक्षणिक अर्थी वस्तूचे नाव ड्राउटच्या आधी येते आणि मध्ये 'ऑफ' सहसा येत नाही: 'गोल ड्राउट', 'सेंच्युरी ड्राउट'. काळ सांगायचा असेल तर तोही आधीच येतो आणि तेथे 'इयर' हे एकवचनातच राहते: 'ॲन इलेव्हन-इयर ट्रॉफी ड्राउट'. आपले विद्यार्थी मराठीतील 'अकरा वर्षांचा' या अनेकवचनामुळे 'इलेव्हन इयर्स ड्राउट' लिहितात आणि तेथे गुण जातात. संपण्यासाठी 'एंड' आणि 'ब्रेक' ही क्रियापदे वापरतात. 'फिनिश' किंवा 'सॉल्व्ह' नाही. यांपैकी 'ब्रेक' दोन्ही अर्थांना लागते, कारण दीर्घ अवर्षणानंतर पाऊस झाला तरी 'द ड्राउट ब्रोक' असेच म्हणतात. 'लाँग', 'प्रोलाँग्ड' आणि 'एंड' हेही दोन्हीकडचे सोबती आहेत. परंतु 'डिक्लेअर', 'रिलीफ', 'प्रोन' आणि 'स्ट्रिकन' हे केवळ पावसाच्या दुष्काळाचे आहेत; क्रिकेट संघाला कोणी 'ड्राउट-प्रोन' म्हणत नाही आणि शतक न करणाऱ्या फलंदाजाला 'ड्राउट रिलीफ' मिळत नाही. पावसाची उघडीप आणि खेळाडूची पडती वेळ या दोन्हींना साधणारा आणखी एक शब्दसमूह 'ड्राय स्पेल' हा आहे. ज्याला आपण पावसाचा खंड म्हणतो किंवा पावसाने ओढ दिली असे म्हणतो, त्याला शेतीच्या भाषेत 'ड्राय स्पेल' म्हणतात, आणि तो ड्राउटपेक्षा सौम्य व अल्पकालीन असतो. जुलैमध्ये तीन आठवडे पाऊस नसेल तर निबंधात लगेच ड्राउट लिहू नका.

फॅमिनलाही लाक्षणिक अंग आहे, पण ते एका ठरलेल्या जोडीत अडकलेले आहे: 'फीस्ट ऑर फॅमिन'. ज्याच्या धंद्यात कधी भरभराट आणि कधी काहीच नाही, त्याच्यासाठी ही जोडी वापरतात, आणि आपले 'कधी तुपाशी तर कधी उपाशी' तिच्याशी तंतोतंत जुळते. असा मेळ क्वचितच मिळतो, म्हणून तो आवर्जून लक्षात ठेवावा.

जोडशब्दांबाबत फार लिहीत नाही, कारण ते पाठ करण्याजोगे आहेत. दुष्काळग्रस्त म्हणजे बातमीत 'ड्राउट-हिट', अहवालात 'ड्राउट-अफेक्टेड' आणि भावनेने लिहिताना 'ड्राउट-स्ट्रिकन'. अवर्षणप्रवण क्षेत्र म्हणजे 'ड्राउट-प्रोन एरिया'. दुष्काळसदृश परिस्थिती म्हणजे 'ड्राउट-लाइक कंडिशन्स'. कमी पाण्यावर तग धरणारे वाण म्हणजे 'ड्राउट-टॉलरंट' किंवा 'ड्राउट-रेझिस्टंट व्हरायटी', आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या ज्वारीविषयी इंग्रजीत लिहाल तेव्हा हे शब्द लागतील. हे सर्व नामापूर्वी विशेषण म्हणून येतात तेव्हा त्यांत जोडरेघ असते.

त्यापेक्षा कठीण असतात ते मराठीतील चित्रमय शब्द, जे निबंधात जीव आणतात आणि भाषांतरात मरतात. दुष्काळाचे सावट याला 'शॅडो ऑफ ड्राउट' लिहिले तर अर्थ कळेल, पण तयार इंग्रजीत दुष्काळ 'लूम' करतो: 'ड्राउट लूम्स ओव्हर मराठवाडा'. पाऊस लांबला, पेरण्या खोळंबल्या, अजून दुष्काळ जाहीर झालेला नाही, अशा जुलैअखेरच्या बातमीचा हा नेमका मथळा आहे. दुष्काळाच्या झळा या शब्दातील उष्णता इंग्रजीत येत नाही. तेथे 'बेअर द ब्रंट ऑफ द ड्राउट' म्हणजे आघाताचा मुख्य भार सोसणे हा प्रयोग बसतो, आणि तो सोसणारा कोण हे आधी सांगावे लागते: 'स्मॉल फार्मर्स बोअर द ब्रंट ऑफ द ड्राउट'. होरपळलेल्या प्रदेशासाठी 'पार्च्ड' हे विशेषण आहे; ते कोरड्या घशालाही लागते आणि भेगाळलेल्या जमिनीलाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे पहिल्या फेरीत पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा इंग्रजी बातम्यांत 'पार्च्ड लातूर' आणि 'ड्राउट-हिट लातूर' हे दोन शब्दसमूह सतत वाचायला मिळत होते. त्या दिवसांच्या बातम्या आजही संगणकावर किंवा मोबाइलवर सापडतात. त्या शोधून वाचा, कारण प्रसंग तुमच्या माहितीचा असल्यामुळे अर्थासाठी अडावे लागणार नाही आणि सर्व लक्ष शब्दांच्या सोबतीकडे देता येईल.

अभ्यास कसा करावा याविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. वहीत सुटा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ असे लिहिणे थांबवा. ड्राउट या शब्दाला एक पूर्ण पान द्या. डाव्या बाजूला पावसाचा अर्थ, उजव्या बाजूला खेळाचा आणि उणिवेचा अर्थ ठेवा, आणि वाचनात तो शब्द जेव्हा भेटेल तेव्हा त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्द त्यासह त्या त्या बाजूला उतरवून घ्या. जे शब्द दोन्ही बाजूंना येतील, त्यांच्याभोवती वर्तुळ करा. एखादी जोडी बरोबर आहे की नाही अशी शंका आली, तर ती अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधा. मात्र किती ठिकाणी सापडली यापेक्षा कोणी लिहिली आहे हे पाहा, कारण आपल्यासारख्यांच्याच चुका तेथे हजारोंनी साठलेल्या असतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ऑक्सफर्डचा कोलोकेशन्सचा कोश उपलब्ध असल्यास तो पाहावा. त्यात अर्थ दिलेले नसतात असे नाही, पण मुख्य भर नामाबरोबर येणाऱ्या विशेषणांवर आणि क्रियापदांवर असतो, आणि लिहिताना आपल्याला हवे असते ते तेच. पारिभाषिक शब्दांसाठी हवामान विभागाची इंग्रजी पत्रके वाचा. ती रूक्ष असतात, पण 'डेफिसिट', 'बिलो-नॉर्मल' आणि 'लार्ज डेफिशियंट' हे शब्द कोठे वापरायचे हे त्यांच्याइतके काटेकोरपणे दुसरे कोणी सांगत नाही.

सरांविषयी तुमच्या मनात थोडा राग दिसतो. 'असे म्हणत नाहीत' हा शेरा खरा होता, फक्त अपुरा होता. तुम्ही ही वाक्ये आणि त्यांची सुधारित रूपे घेऊन त्यांच्याकडे जा आणि 'सर, मग असे म्हणतात का?' असे विचारा. नेमका प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी शिक्षकाला हवाच असतो.

आता राहिला तेरावा महिना. तुम्ही निबंधात 'थर्टीन्थ मंथ इन ड्राउट' लिहिले असेल तर ते काढून टाका. अधिक मास म्हणजे काय, त्यामुळे आधीच रिकाम्या घरात आणखी एक महिना कसा काढावा लागतो, हे ठाऊक नसलेल्या वाचकाला त्या चार शब्दांतून काहीच मिळणार नाही. घटना सांगताना 'टू मेक मॅटर्स वर्स' हा शब्दसमूह वाक्याच्या आरंभी ठेवावा: 'द वेल्स हॅड ड्राइड अप, अँड टू मेक मॅटर्स वर्स, द टँकर स्टॉप्ड कमिंग.' निबंधात जागा असेल आणि म्हणीचा गोडवा राखायचाच असेल, तर ती मराठीतच द्यावी आणि पुढच्या वाक्यात चांद्र पंचांगातील जादा महिन्याचा खुलासा करावा. माझ्या मते तुमच्या विषयाला हा दुसरा मार्ग अधिक शोभेल, आणि परीक्षकाला अंबडच्या मुलीकडून एक नवी गोष्टही कळेल.